मोकल मास्तरांचं संग्रहालयशास्त्र

कमळाकर मोकल आमच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि मी गणित. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. त्यामुळे १९५८ ते १९६० या काळात त्यांनी जेवढे सुस्कारे टाकले, त्यातले निम्मे तरी माझ्या कानाजवळून गेले असतील. एरवी हा माणूस सुस्कारे टाकणाऱ्यातला नव्हता. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरात वाढलेला, अंगानं आडवा, आवाजानं मोठा. वडील काशिराम अजून मिठागरावर जात होते. मास्तर त्यांच्या गावातले पहिले बी. ए.

सुरुवात झाली ती एका पंक्चरमुळे. मास्तर आपट्याला लग्नाला गेले होते. परतताना कर्नाळ्याच्या अलीकडे एस.टी.चं चाक बसलं आणि सगळे उतरले. रस्त्याचं काम चालू होतं, बाजूला खडीचे ढीग. त्यातल्या एका ढिगाला टेकून कोरीव दगड उभा होता. वर चंद्र आणि सूर्य, खाली अक्षरांच्या तीन ओळी. चौथ्या ओळीपासून दगड नव्हता, खडी होती.

"बाकीचा कुठाय?" मास्तरांनी मुकादमाला विचारलं.

मुकादमानं रस्त्याकडे हात केला. "त्याच्यावरूनच आलात की तुम्ही."

सोमवारी मास्तर शाळेत आले ते धुमसतच. महिनाभर त्यांनी दुसरा विषय काढला नाही. मग एक दिवस वर्तमानपत्रातलं कात्रण माझ्यापुढे टाकलं. मुंबईतली एक संस्था पदवीधरांसाठी संग्रहालयशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करत होती. शनिवारी दुपारी आणि रविवारी वर्ग, शेवटी लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि प्रमाणपत्र.

हेडमास्तरांची परवानगी लागणार होती. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "मोकल, हे म्हणजे मेलेल्या वाघात पेंढा भरतात तेच ना?"

"नाही सर."

"मग त्यात शिकायचं काय असतं?"

मास्तरांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं. हेडमास्तरांनी सही केली आणि वर शेरा मारला, 'प्राणिशास्त्राच्या तासाला उपयोग होईल.'

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मास्तर उरणची एस.टी. धरत, तिथून मोरा बंदर आणि तिथून लाँचनं मुंबई. कागदावर हा प्रवास सोपा होता. पण ओहोटी असली की लाँच लांब पाण्यात थांबे आणि तिच्यापर्यंत न्यायला आलेली होडी अर्ध्या वाटेत गाळात बसे. मग जोडे हातात, धोतर गुडघ्यावर, वह्या डोक्यावर. पहिल्याच शनिवारी ते अशा अवतारात संस्थेच्या दारात उभे राहिले. पहारेकऱ्यानं त्यांना नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाला, "मासळी मागच्या दारानं."

"मी विद्यार्थी आहे," मास्तर म्हणाले.

पहारेकरी हसला. मास्तरांनी खिशातलं प्रवेशाचं पत्र काढलं, तर तेही भिजलेलं. शेवटी वर्गातलं कुणीतरी खाली येऊन त्यांना घेऊन गेलं. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली, पण वेणूवहिनींना, म्हणजे बायकोला, सांगितली नाही. दुसऱ्या शनिवारपासून ते पिशवीत कोरडं धोतर नेऊ लागले.

वर्गात आठ जण होते आणि शिकवायला प्राध्यापक केळुस्कर. ते विलायतेत शिकून आले होते. कापडाला कसर कशी लागते, लाकूड का तडकतं, काचेच्या कपाटात हवा कशी राखायची, हे ते फार चांगलं शिकवत, असं मास्तर कबूल करायचे. भांडण झालं ते ओलाव्यावरून. हवेतला ओलावा पन्नास-साठ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असं केळुस्करांनी फळ्यावर लिहिलं.

मास्तर उठले. "सर, आमच्या पनवेलीत श्रावणात बरणीतल्या मिठाचं पाणी होतं. काडी ओढावी तर पेटत नाही. तिथं काय करायचं?"

"एअर-कंडिशनिंग."

"आमच्या शाळेत विजेचा एकच पंखा आहे. तो हेडमास्तरांच्या डोक्यावर आहे."

वर्ग हसला. केळुस्कर हसले नाहीत. "तर मग तिथं संग्रहालय काढू नये."

हे सांगताना मास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पुस्तक असं आपटलं की माझ्या दौतीतली शाई वहीवर सांडली. "काढू नये म्हणे! मग तो दगड कुठं ठेवायचा होता? लंडनला?"

पण वर्ग त्यांनी सोडला नाही. पावसाळा, सहामाही परीक्षा, शाळेचं गॅदरिंग, सगळं सांभाळून ते लेखी परीक्षेला बसले आणि पास झाले. राहिलं होतं प्रात्यक्षिक. आपल्या भागातल्या पंचवीस वस्तू जमवायच्या, प्रत्येकीला क्रमांक द्यायचा, वहीत नोंद करायची, चिठ्ठी लिहायची आणि एका खोलीत नीट मांडायच्या. मुंबईहून परीक्षक येऊन पाहणार.

खोली दिली काळूराम शेटनी. त्यांची भाताची गिरणी होती आणि वखारीची पुढची खोली रिकामी पडली होती. शेट दिलदार माणूस. मास्तर झाडलोट करून आले, तर समोरच्या भिंतीवर शेटच्या वडिलांचा भलाथोरला फोटो, वर चंदनाचा हार.

"शेट, हे संग्रहालय आहे."

"माहीत आहे ना. बाबा जुने नव्हते काय?"

मास्तरांनी वही उघडली. क्रमांक एक म्हणून शेटच्या बाबांची नोंद झाली.

मग वस्तू येऊ लागल्या. मास्तरांना हव्या त्या नव्हे. बंद पडलेलं जर्मन घड्याळ आलं. तालमीतला करेला, म्हणजे फिरवायचा जड मुद्गल, आला. कुणी मगरीचा म्हणून दात आणून दिला, तो बैलाचा निघाला. आणि हवी ती वस्तू मागितली की लोकांना वाटे, मास्तरांच्या डोक्यात काहीतरी झालंय. खुद्द वडिलांशीच वाजलं. मिठागरात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी मास्तरांना हवी होती.

"भिंतीला कशाला लावतंस?" काशिरामबाबा म्हणाले. "मी मेलू काय?"

"बाबा, पुढच्या लोकांना कळायला हवं, मीठ कसं काढायचे ते."

"मंग त्यांना सांग, सकाली मिठागरावं या. मी हाय तिथं."

शेवटी दांडा मोडलेली जुनी फळी मिळाली. ती देतानाही म्हातारा म्हणाला, "दांडा बसवून दे. मोडकी फली लावलीस तं लोक हसतील मना."

क्रमांक सतराची वस्तू मात्र सहज मिळाली. गोमा नावाचा कातकरी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरून बाजाराला मोळी घेऊन यायचा. त्याच्याकडे मासे धरायचा बांबूचा सापळा होता. तोंडाशी रुंद, शेपटाकडे निमुळता, कामट्यांची वीण इतकी सारखी की मी मोजपट्टी लावून पाहिली. मास्तरांनी मागितला, गोमानं दिला. हिवाळा होता, त्याला लागत नव्हता. मास्तर त्या सापळ्यावर इतके खूश होते की त्याच्यासाठी त्यांनी खिडकीशेजारची जागा राखली.

मार्चअखेर सगळं तयार झालं. परीक्षक मे महिन्यात येणार होते. मेमध्ये पत्र आलं, अपरिहार्य कारणास्तव भेट जूनमध्ये. जूनमध्ये पत्र आलं, भेट पुढे ढकलली आहे, तारीख मागाहून कळवू. पावसाळी हवेनं चिठ्ठ्यांवरची शाई फुटू लागली. त्यांचे कोपरे वळू लागले. मास्तर रोज संध्याकाळी वखारीत जाऊन एकेक वस्तू पुसून ठेवत. मीही जायचो, कारण त्यांच्या बडबडीला कुणीतरी ऐकणारा लागे.

आषाढ लागला तसा एका सकाळी गोमा दारात येऊन उभा राहिला. डोक्यावर इरलं, पाय चिखलानं भरलेले.

"मास्तर, पानी चढलंय. माजं दे."

"काय दे?"

गोमानं खिडकीकडे बोट केलं.

"अरे, त्याची नोंद झाली. नोंद झालेली वस्तू बाहेर जात नाही. नियम आहे."

गोमानं थोडा विचार केला. "मंग मासं आत आन."

मला हसू आवरेना. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवून शेटच्या बाबांकडे बघत राहिलो.

"दुसरा विणून घे ना," मास्तर म्हणाले.

"इनाया आठ दिस. तवर मासं जातील. पोरं काय खातील?"

आणि गोमा उंबऱ्यावर बसला. भांडला नाही, ओरडला नाही, नुसता बसला. मास्तर येरझारा घालत राहिले. दुपार झाली. शेवटी त्यांनी सापळा खाली काढला, कागदावर पावती लिहिली, 'आठ दिवसांत परत करीन', आणि गोमाचा अंगठा घेतला.

परीक्षक सहाव्या दिवशी आले. ते येणार असल्याचं पत्र सातव्या दिवशी आलं.

त्यांचं नाव टिपणीस. काळी छत्री, रबरी बूट आणि प्रवासानं विटलेला चेहरा. मास्तरांना तासावरून बोलावून आणलं, मीही मागोमाग गेलो. दार उघडलं तर अर्धी खोली भाताच्या पोत्यांनी भरलेली. मागची वखार गळायला लागली म्हणून शेटनी आदल्या दिवशी पोती पुढे हलवली होती. मिठाची फळी पोत्यांमागे गेली होती. शेटचे बाबा तेवढे स्वच्छ दिसत होते.

टिपणिसांनी वही उघडली आणि एकेक क्रमांक विचारत गेले. आम्ही दोघांनी पोती सरकवून वस्तू दाखवल्या. सोळापर्यंत ठीक चाललं.

"सतरा?"

मास्तरांनी पावती पुढे केली. टिपणिसांनी अंगठा पाहिला, मजकूर वाचला.

"वस्तू मासे धरायला दिलीत?"

"हो. ती मासे धरायचीच वस्तू आहे."

"होती, मिस्टर मोकल. इथं आल्यावर ती संग्रहालयाची वस्तू झाली."

मास्तरांचा आवाज चढला. "साहेब, तुम्ही मेमध्ये आला असता तर ती इथं होती! जूनमध्ये आला असता तरी होती! तुमच्या तारखा सांभाळायला त्याच्या पोरांनी उपाशी राहायचं काय?"

टिपणिसांनी वही मिटली. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि छत्री घेतली. निकाल पंधरा दिवसांनी आला. प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण. शेरा होता, 'उमेदवारास जतनाचे तत्त्व उमगलेले नाही.'

गोमा मात्र बोलल्याप्रमाणे आठव्या दिवशी आला होता. सापळा धुतलेला, दोन ठिकाणी नव्या कामट्या घातलेल्या, आणि पानात बांधलेले मासे. मास्तरांनी सापळा घेतला. मासे वेणूवहिनींनी घेतले. मला जेवायला थांबवलं. मास्तर ताटावर बसून केळुस्कर, टिपणीस, शेट, गोमा सगळ्यांचा उद्धार करत होते. वहिनींनी त्यांना वाढलं आणि म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याचा अंगठा कशाला घेतला तुम्ही? वहीतच लिहून ठेवायचं, आषाढात ही वस्तू गोमाकडे असते म्हणून. मग ती हरवली असं कोण म्हणेल?"

"असा रकाना नसतो वहीत."

"पट्टी आणि पेन्सिल आहे ना घरात?"

मास्तरांनी हातातला घास पुन्हा ताटात कालवला. मग म्हणाले, "मीठ कमी झालंय," आणि जेवू लागले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी प्रात्यक्षिक पुन्हा दिलं. या वेळी वहीत एक रकाना जास्त होता, 'वस्तू वर्षातून केव्हा, कुणाकडे'. पंचवीसपैकी सहा वस्तूंपुढे त्यात काही ना काही लिहिलेलं होतं. परीक्षक म्हणून जयकरबाई आल्या, जानेवारीत, कळवलेल्या तारखेला. सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी फक्त त्या रकान्यावर बोट ठेवलं. मास्तर पुन्हा नापास व्हायच्या तयारीनंच बोलले, मोठ्यानं आणि भरभर. गोमा, पाणी, पोरं, पावती, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. विचारलं एवढंच, "आणि तो ठरल्या वेळी परत आणून देतो?"

"दुरुस्त करून देतो," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे काच आणि कुलूप लावून ठेवलेल्या घड्याळाचा काटा मात्र चोरीला गेला."

ते पास झाले. श्रेणी शेवटची. प्रमाणपत्रावर नाव 'कमलाकर मोकळ' असं छापून आलं. त्यांनी दुरुस्तीसाठी परत पाठवलं. सात महिन्यांनी नवं आलं, त्यात 'कमळाकर' बरोबर होतं आणि आडनाव गायब. मास्तरांनी ते तसंच पेटीत टाकलं.

त्या कागदावर त्यांनी दोन संग्रहालयांत अर्ज केले. एकानं अनुभव नाही म्हणून कळवलं, दुसऱ्यानं वय जास्त म्हणून. तो आठवडा मला आठवतो. त्या आठवड्यात ते चिडले नाहीत आणि मला तेच जड गेलं. वर्गात जाऊन शिवाजीची स्वारी शिकवत, परत येऊन खुर्चीत बसत. एकदाच म्हणाले, "दोन वर्षं चिखल तुडवला, देशमुख. बरं, पोहायला तरी कुठं शिकलो?"

पण खोली चालू राहिली. दर मंगळवारी बाजार भरे तेव्हा शाळा सुटल्यावर ते दार उघडून बसत. आधी कुणी फिरकत नसे. मग बाजाराला आलेल्या बायका पावसाच्या आडोशाला आत येऊ लागल्या आणि पाहता पाहता पाऊस नसतानाही येऊ लागल्या. मी एका मंगळवारी गेलो, तर आत सात-आठ जणी होत्या आणि मास्तरांची आत्या हौसा त्यांच्या पुढे. नव्यानं आलेल्या लाकडी पायलीवरून वाद पेटला होता. मास्तरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'धान्य मोजण्याचे माप.' कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

"माप तं हाय," हौसा म्हणाली, "पन काठोकाठ का शीग लावून? त्ये नाय लिवलंस."

"शीग लावूनच," दुसरी मापाच्या काठावर हातानं ढीग दाखवत म्हणाली.

"आमचेकडं सावकार देताना काठोकाठ, घेताना शीग," तिसरीनं सांगितलं आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या.

"एकेकीनं बोला!" मास्तर ओरडले. कुणी ऐकलं नाही. त्यांनी चिठ्ठी फाडली, दौत ओढली, नवी चिठ्ठी पुढे घेतली आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "देताना काय म्हणालीस?"