चक्करची गोळी

कामठ्याच्या कलाबाईची बिडी म्हणजे नजर लागावी अशी. मांडीवर सूप, हातात तेंदूचं पान आणि तोंड मात्र दुसऱ्यांच्या सुनांवर चालू. तरी बिडी कधी वाकडी निघाली नाही. तंबाखूच्या धुळीनं म्हणा की कशानं, तिला चक्कर यायची. डॉक्टरनं एकदा गोळी लिहून दिली आणि मुलगा संघदीप ती वर्षानुवर्षं गोंदियाहून आणत राहिला. आपल्याकडे गोळी सुरू करायला डॉक्टर लागतो, बंद करायला कोणीच नसतो.

मग तिचा हात थरथरू लागला. कारखान्याचा मुकादम तिच्या बिड्या बाजूला फेकू लागला, तेव्हा ती रडली. नवरा गेला तेव्हाही ती चारचौघांत रडली नव्हती.

संघदीप तेव्हा गोंदियात फार्मसी शिकत होता. २००९ साली एका तासाला, हात थरथरवणाऱ्या औषधांत सरांनी आईच्या गोळीचं नाव घेतलं. तो तसाच घरी पळत आला.

"माय, डोक्यात बारीक बारीक जागा असतात. अंगातलं रसायन तिथं बसलं का हात बराबर चालते. ही गोळी त्याच जागेवर जाऊन बसते, अन् काम काहीच करत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा अडवते ना, तसं."

"मंग उचल ना तो रुमाल!" कलाबाई म्हणाली, आणि खूप दिवसांनी हसली.

गोळी बंद झाली. काही महिन्यांत हात सुधारतो, असं सर म्हणाले होते. कलाबाई रोज सकाळी एक बिडी वळून बघायची. चक्कर परत आली, हात आला नाही.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, ते रसायन तयार करणाऱ्या पेशीच मरत चालल्या आहेत. आजार आधीपासूनच आत होता, गोळीनं तो फक्त लवकर उघडा पाडला. रुमाल उचलला खरा, पण बसायला कोणी उरलंच नव्हतं. नव्या औषधानं पाय थोडे मोकळे झाले, बोटं नाहीत. ते औषध कुठं जाऊन लागतं आणि पुढं कसं थकतं, हे संघदीपला तोंडपाठ. असल्या शिक्षणाचा मला तर रागच येतो.

एक दिवस कलाबाईनं आपलं सूप शेजारच्या नंदाबाईला देऊन टाकलं.

"काऊन देलं, माय?" संघदीप चिडला.

"हात तं गेलाच, बाबू. उठली का घर फिरते. ते जुनी गोळी आणून दे मले."

त्या गोळीनं थरथर आणखी वाढेल, हे तिला ठाऊक होतं. त्यानंच तर समजावलं होतं.

संध्याकाळी संघदीप गोंदियाला गेला आणि गोळी घेऊन आला.