आईंची आग आणि आमचा कूलर

माझा स्वभाव तापट आहे, हे मीच आधी सांगून टाकते. तीस वर्षं झाशीच्या पोस्टात खिडकीवर बसले, रोज कुणाशी तरी हिंदीत भांडले आणि उरलंसुरलं घरी येऊन मराठीत भांडले. माझी मराठी झाशीची, अर्ध्या वाक्यात हिंदीत घसरणारी. सासूबाई सागरहून आलेल्या. त्यांची मराठी जुनी, चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखी लख्ख. मी "पानी गरम करते" म्हटलं की लगेच, "पाणी गं, पाणी. आणि तापव." पस्तीस वर्षं हे चाललं. मला त्यांचा राग यायचा आणि, खोटं कशाला बोलू, त्यांनाही माझा यायचा.

फाल्गुनात त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ तेवढी वाचली. लघवी-संडासवर ताबा राहिला नाही. जन्मभर सोवळंओवळं पाळलेली बाई, जिच्या वाळत घातलेल्या पंच्याला माझा हात लागला तर तो पुन्हा पिळून टाकायची, ती आता डायपरवर आली. मी सकाळी ऑफिसला जाताना बदलायची, ते थेट संध्याकाळी आल्यावर. आमचे हे रिटायर होऊन घरीच होते, पण आईचं ते काम मुलाच्या हातून होईना आणि आई होऊही देईनात. मी आपली साबणानं घसाघसा धुवायची आणि वर भरपूर पावडर ओतायची. झालं काम!

वैशाखात त्या म्हणायला लागल्या, "आग होते गं. नुसती आग आग होते."

आता झाशीचा वैशाख म्हणजे काय सांगावं! रस्त्यात भेटेल तो कपाळ पुसत "आग बरस रही है" म्हणतो. मला वाटलं, ह्यांचंही तेच. कूलर त्यांच्या खाटेकडे वळवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आग, म्हणून कूलरची खस, म्हणजे वाळ्याची जाळी, बदलून आणली. तिसऱ्या दिवसापासून, त्यांच्या साखरेच्या आजाराचा विचारही न करता, दोन्ही वेळा गुलकंद सुरू केला आणि वर बेलाचं सरबत. गुलकंदानं त्यांचं पोट सुटलं. मी वैतागले. "आई, आता आणखी किती गार करू तुम्हाला? बर्फावर निजवू?" त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पोट सुटलं म्हणून एक बाई शोधली. गरौठ्याकडची, पन्नाशीच्या पुढची, एका खाजगी दवाखान्यात बारा वर्षं आया म्हणून राबलेली. शाळा चौथीपर्यंत. आल्या आल्या तिनं हात धुतले, मला 'जिज्जी' केलं आणि आईंना 'बऊ'. बुंदेलीत थोरल्या बहिणीला जिज्जी आणि आईला नाहीतर आजीला बऊ म्हणतात. मराठीचं मात्र तिला अक्षर कळत नव्हतं.

मी ऑफिसला निघाले होते. एक चप्पल पायात, एक शोधत होते. एवढ्यात आई म्हणाल्या, "आग होते गं." बाई ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात धावली. गॅस बंद केला, विजेचं मीटर पाहिलं, अंगणात डोकावून आली. परत येऊन खाटेशी वाकली आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "आग कितै लगी, बऊ?" आग कुठे लागलीय?

मी खो खो हसले. हेही हसले. आई हसल्या नाहीत. त्यांनी बाईकडे पाहिलं, उजवा हात हळूहळू खाली नेला आणि चादरीवरून कुल्ल्यावर ठेवला. "इथे," म्हणाल्या.

मी एका चपलेवर तशीच उभी. इतक्या दिवसांत मी एकदाही 'कुठे' म्हणून विचारलं नव्हतं. मला मराठी येत होती ना! माझीच मला अशी लाज वाटली की काय सांगू. त्या दिवशी रजा टाकली.

बाईनं ह्यांना बाहेर काढलं. मला खाट खिडकीशी ओढायला लावली, कारण बल्बच्या पिवळ्या उजेडात कातडीचा रंग कळत नाही म्हणाली. कोमट पाणी मागितलं. मी साबण पुढे केला तर, "काए जिज्जी, बऊ को और जलाना है?" मऊ फडक्यानं टिपत टिपत, जराही न घासता तिनं सगळं साफ केलं. घड्यांमधून माझ्या पावडरीच्या गुठळ्या निघाल्या, कणकेसारख्या. मग तिनं हात मागे घेतला आणि नुसतं पाहत बसली. मी दहा वर्षांचा मोतीबिंदू असल्यासारखी तिच्या खांद्यावरून वाकून म्हटलं, "लाल तर काही दिसत नाही."

आई चांगल्याच सावळ्या. बाईनं माझा हात धरला, त्याची पालथी बाजू आधी मांडीला लावली आणि मग दुखऱ्या जागी. तिथे चटका बसावा इतकं गरम होतं आणि कातडी ताणलेली. सावळी कातडी लाल होत नाही, जांभळट होते, असं ती म्हणाली. तेव्हा कुठे मला दिसलं. दोन्हीकडे, जांघेच्या घडीत, खाली मांडीपर्यंत गर्द डाग पसरला होता, त्याला धड कडा नव्हती. तिनं अंगठ्यानं दाबलं, थोडं थांबली, सोडलं. डाग फिका झाला आणि परत आला. सावळ्या अंगावर हे पुसट दिसतं, म्हणून तिनं ते तीनदा केलं. मग माकडहाडावर वेगळं दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला.

"काय झालं? नीट सांग की!" मी खेकसले. तिनं शांतपणे सांगितलं. पडून पडून होणारी जखम हाडावर बसते, गोल असते, दाबलं तरी तिचा रंग हलत नाही, कारण ती आतून वर येते. ही ओल्याची आहे, ओल जिथवर गेली तिथवर गेली, वरून आत निघालीय. अजून फार आत गेली नाही. फक्त डाव्या बाजूला एका जागी कातडी निघाली होती, गुलाबी, पाणी सुटलेलं. "मसूर बराबर," ती म्हणाली, मसुरीच्या दाण्याएवढी. मग चक्क नाक खाली नेऊन वास घेतला. पू नव्हता, घाण वास नव्हता. पण डागाच्या भोवती बारीक पुटकुळ्या होत्या, त्या बघून तिनं मान हलवली. हे डॉक्टरला विचारा, म्हणाली.

आई इतका वेळ डोळे मिटून होत्या. एकदम म्हणाल्या, "कातडी गेली का गं?"

त्या असं का विचारतायत ते मला ठाऊक होतं. सासरे तसेच गेले होते. पाठीची जखम हाडापर्यंत, आणि त्यांची सगळी शुश्रूषा आईंनी केली होती. आता आईंनाही साखर होती, आणि साखरेच्या माणसाची जखम चिघळली की काय होतं ते घरात सगळ्यांनी पाहिलं होतं. "मला त्यांच्यासारखं नको जायला," त्या म्हणाल्या. "मरायचं तर मरेन. पण कातडी शाबूत असू दे." आणि कूलर मीच वळवला होता.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, कातडी फुटलीय का, किती मोठी, पू, ताप, पुटकुळ्या कुठे? मी नुसतं 'हो ना, हो ना' करतेय म्हणून बाईनं फोन घेतला आणि एकेकाचं चोख उत्तर दिलं. संध्याकाळी डॉक्टर आले, पाहिलं आणि म्हणाले, "इन्होंने जो बताया, वही है." बुरशीचं मलम दिलं, वर ओल लागू नये म्हणून दुसरं दिलं, आणि गुलकंद बंद करायला सांगितला.

पुढचे दिवस बाईचे. दर दोन तासांनी पाहायची, कूस बदलायची. सर्वांत मऊ फडकी हवीत म्हणाली, तर आईंनी ट्रंकेकडे बोट केलं. त्यात त्यांचं गौरीपूजनाचं जुनं सुती लुगडं होतं, ज्याला मला पस्तीस वर्षांत हात लावू दिला नव्हता. "फाड," आई म्हणाल्या. माझ्याच्यानं फाडवेना, बाईनं फाडलं. चौथ्या दिवशी मसुरीचा हरभरा झाला. मी तोंडाचा पट्टा सोडला, "अगं, वाढतंय! तू करतेस तरी काय?" तिनं मला वाकवून भोवतालचा डाग दाखवला, तो फिका पडत चालला होता आणि पुटकुळ्या वाळल्या होत्या. तिचंच खरं निघालं. हरभऱ्याची पुन्हा मसूर झाली, मसुरीची राई झाली. आई रोज सकाळी खिडकीशी विचारायच्या, "आज कुठली डाळ शिजतेय?" आणि बाईला आता ते बरोब्बर कळायचं.

राईसुद्धा गेली त्या दिवशी मी तिच्या पाया पडायला वाकले. ती लाजून मागे सरली, "हओ जिज्जी, अब रहन दो." मी आयुष्यात साहेबांपुढे, सासूपुढे, कुणापुढे मनापासून वाकले नव्हते. चौथी शिकलेल्या त्या बाईपुढे वाकले, आणि पुन्हा वाकेन.

ती अडीच वर्षं राहिली. रोज सकाळी खिडकी, पालथा हात, अंगठा, आणि "आज आग कितै, बऊ?" आई म्हणायच्या, "विझली."

पौषात दुसरा झटका आला आणि आई झोपेतच गेल्या. शेवटच्या अंघोळीला आमच्यातल्या चारजणी जमल्या. एक म्हणाली, "हिला कशाला आत?" मी म्हटलं, "ती आत राहील. ज्यांना अडचण असेल त्यांनी अंगणात बसावं." कुणी उठलं नाही. बाईनं खिडकी उघडली. आईंना कुशीवर वळवून पाठ पाहिली, कंबर, माकडहाड, मांड्या पाहिल्या. सवयीनं अंगठा टेकवला, मग चटकन उचलला आणि माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"देख लेव, जिज्जी. बऊ की चमड़ी साबुत है."

मी आईंच्या कानाशी वाकून सांगितलं, "आई, शाबूत आहे हो. कुठेही गेली नाही." मग तांब्या भरून बाईच्या हातात दिला. "आणि पाणी तापवलंय," मी आईंना म्हणाले.