डबडं तापलं होतं

भट्टीकाका हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. कोपऱ्यावरच्या बेकरीत उभं आयुष्य भट्टीच्या तोंडाशी काढल्यावर माणसाला दुसरं नाव चिकटणार तरी कसं? पहाटे पीठ मळायचं, पाव भाजायचे, दुपारी जरा पाठ टेकायची आणि संध्याकाळी पुन्हा बिस्किटांचे पत्रे आत सरकवायचे. या कामात त्यांचे तळहात इतके राठ झाले होते की गरम पत्रा ते बिनफडक्याचा उचलायचे. बायको ओरडली की म्हणायचे, "कोमट आहे गं."

हाताला चटका बसत नसे, मनाला मात्र चटकन बसायचा. त्यांची भांडायची रीतही वेगळीच. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. नुसते उठून जायचे. समोरच्याचं वाक्य अर्धवट लोंबकळत राहायचं आणि काका जिना उतरून खाली बेकरीत पोचलेले असायचे. बायको म्हणायची, "यांच्याशी बोलायचं तर आधी खुर्चीला बांधून ठेवावं लागेल."

त्यांना एकच मुलगी. काका तिला चिऊ म्हणायचे. ती नोकरीला लागली तरी चिऊच. लहानपणी ती स्टुलावर उभी राहून पिठाचे गोळे वळायची आणि तिचे गोळे काकांपेक्षा गोल व्हायचे. त्यामुळे पुढेमागे बेकरी तीच बघणार, हे काकांनी मनाशी धरून ठेवलं होतं. तिला मात्र ते कधी विचारलं नव्हतं. तिने शिकायला घेतलं भलतंच. कोणी विचारलं तर काका म्हणायचे, "ते हातापायांचं काहीतरी."

दूरच्या शहरात नोकरी लागल्याचं तिने जेवताना सांगितलं, तेव्हा काका भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन निघाली तरी ते भट्टीपाशीच. दाराशीसुद्धा आले नाहीत. नंतर बायकोला म्हणाले, "पाव आत होते. करपले असते." पाव केव्हाच बाहेर येऊन जाळीवर निवत पडले होते, हे बायकोने पाहिलं होतं.

त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं फोनवर, तेही एवढंच. "कशी आहेस?" "बरी आहे." "आईला देतो."

मग काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिना बंद केला. खाली बेकरी कामगार सांभाळत होते आणि वर काका छताकडे बघत पडून होते. दर थोड्या वेळाने हाक मारून विचारायचे, "भट्टी पेटवली का? वास का येत नाही?" बायको पार मेटाकुटीला आली. शेवटी तिने चिऊच्या कपाटातून एक यंत्र काढलं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, हातात धरून खेळ खेळायचं. चिऊने नवं घेतलं होतं, हे जुनं मागे राहिलं होतं.

"हे घ्या, खेळा. पण माझ्या मागची भुणभुण थांबवा."

"हे डबडं? मी काय लहान आहे?"

दुपारपर्यंत काका त्यात बुडून गेले होते. खेळात एक बेट होतं. तिथे लाकडं तोडायची, कुंपण घालायचं, कोंबड्या पाळायच्या, जमलंच तर घर बांधायचं. एक दिवस त्यांच्या खेळातल्या घरापाशी पिवळी टोपी घातलेलं एक माणूस आलं, दारात अंड्यांची टोपली ठेवली आणि निघून गेलं.

"अगं, कोणीतरी अंडी ठेवून गेलं!"

"कोण असणार? तुमची लेक," बायको कणसाचे दाणे सोलता सोलता म्हणाली. "बेट तिचंच आहे. मी सांगितलं तिला, बाबा तुझ्या घरात घुसलेत म्हणून."

काकांनी बराच वेळ विचार केला. मग भरपूर लाकडं तोडली आणि पिवळ्या टोपीवालीच्या दारात रचून ठेवली.

गुडघा बरा झाला, काका खाली उतरले, पण खेळ सुटला नाही. दुपारी चिऊच्या जेवणाच्या सुट्टीत दोघं बेटावर भेटायची. काका भट्टीमागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यावर बसून खेळायचे. यंत्रात बोलायची सोयही होती, पण ती दोघांनीही वापरली नव्हती. एकाने खांब रोवायचा, दुसऱ्याने फळी ठोकायची. बोलल्यावाचून काही अडत नव्हतं, आणि न बोलण्याची सवय दोघांनाही चांगलीच होती.

एका दुपारी मात्र यंत्रातून आवाज आला.

"बाबा, ऐकू येतंय का? एक सांगायचं होतं. मला इथे कायमचं..."

आणि पडदा काळा झाला.

काकांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. थोड्या वेळाने यंत्र सुरू झालं, तोवर पिवळी टोपी निघून गेली होती. त्यांनी शोधाशोध केली, तेवढ्यात पडदा पुन्हा काळा.

संध्याकाळी चिऊशी फोनवर बोलून बायको त्यांच्यासमोर येऊन बसली. "ती म्हणाली, मी बोलायला लागले आणि बाबा नेहमीसारखे उठून गेले."

"मी उठलो नाही!" काका जवळजवळ ओरडलेच. "पोत्यावरच होतो मी. हेच बंद पडलं."

बायकोने यंत्र हातात घेतलं आणि झटकन टेबलावर टाकलं. "अहो, इस्त्रीसारखं तापलंय हे! तुम्हाला कळत नाही?"

काकांनी हात लावून पाहिला. त्यांना ते कोमट वाटलं.

"तू सांग ना तिला."

"नाही सांगणार." बायकोचा स्वर मऊ होता, पण त्यात फट नव्हती. "इतकी वर्षं तुमच्या दोघांचे निरोप मी पोचवले. हा तुमचा तुम्ही पोचवा. फोन करा."

काकांनी फोन उचलला आणि परत ठेवला. फोनवर त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. हात रिकामे असले की त्यांना बोलणं सुचत नसे. बेटावर हातात कुऱ्हाड असते, समोर फळ्या असतात. तिथे कदाचित जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र घेऊन मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने उलटसुलट करून पाहिलं. "काका, आतली पेस्ट वाळली असणार. कसं असतं, याची मुख्य चिप तापते. तिच्यावर तांब्याची पट्टी बसवलेली असते, ती उष्णता ओढून पंख्याकडे नेते. पण दोघांमध्ये बारीकशी फट राहतेच, ती भरायला पेस्ट लावतात. पेस्ट वाळली की उष्णता आतच कोंडते, आणि मग यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडतं."

"मग नवी लाव."

"मी फोन उघडतो, हे कधी उघडलेलं नाही. मोठ्या दुकानात पाठवावं लागेल. खूप दिवस जातील."

तेवढा धीर काकांकडे कुठला! त्यांनी पेस्ट भरलेली, सुई नसलेली सिरिंज मागितली आणि नाजूक स्क्रू-ड्रायव्हरचा संच. दुकानदार देता देता म्हणाला, "आत गेल्यावर पहिल्यांदा बॅटरीची जोडणी काढा. आणि काका, जोर अजिबात लावू नका."

"मी जन्मभर जोरच लावत आलोय," काका म्हणाले. पण ऐकून घेतलं.

जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. बायकोने चष्मा लावला, भुवया कोरायचा चिमटा आणला आणि उघडल्यावर काय काय दिसतं याचा व्हिडिओ फोनवर लावून फोन बरणीला टेकवून ठेवला. काकांच्या जाड बोटांत स्क्रू-ड्रायव्हर काडीसारखा दिसत होता. पहिला स्क्रू निघाला तो थेट जमिनीवर. बायकोने शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक आणलं आणि खाली बसून तो शोधून काढला. पुढचे सगळे स्क्रू तिने निघाले त्याच क्रमाने चिकटपट्टीवर लावून ठेवले.

मागचं झाकण निघालं. बॅटरीची जोडणी सोडवली. मग पत्र्याचं एक पातळ आवरण निघालं, आणि पंखा दिसला तशी बायको हसत सुटली. पंख्याच्या पात्यांवर मैद्याची साय धरली होती.

"अहो, हे यंत्र चालवत होतात की भाजत होतात?"

काका ओशाळले. कोरड्या ब्रशने त्यांनी एकेक पातं साफ केलं. मग तांब्याची पट्टी अलगद उचलली. खाली नखाएवढी चौकोनी चिप होती आणि तिच्यावर जुनी पेस्ट, वाळून खडूसारखी झालेली, भेगा पडलेली. त्यांनी फडक्याला स्पिरिट लावून ती पुसायला घेतली. निघेना. हात आपोआप दाबायला लागला, तसा बायकोने त्यांच्या मनगटावर आपला हात ठेवला. नुसता ठेवला. काकांनी श्वास सोडला आणि पुन्हा हळूहळू पुसायला लागले. बऱ्याच वेळाने चिप आरशासारखी लखलखली. काकांना तिच्यात आपलं नाक दिसलं.

नवी पेस्ट लावली ती इतकी, की बायको म्हणाली, "पावाला लोणी लावताय का?" व्हिडिओतला माणूसही तांदळाच्या दाण्याएवढीच म्हणत होता. सगळं पुसून पुन्हा दाण्याएवढा ठिपका ठेवला, पट्टी सरळ वरून बसवली, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले. झाकण लावून यंत्र सुरू केलं. पडदा उजळला, पण पंख्याचा आवाज येईना.

एरवी काका इथे उठून गेले असते. बायकोला ते दिसलंही. खुर्ची जराशी मागे सरकली होती.

"वायर राहिली असेल पंख्याची," काका म्हणाले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी पहिला स्क्रू पुन्हा काढायला घेतला.

वायरच राहिली होती.

यंत्र गार राहू लागलं, पण बेटावर कोणी येईना. काका रोज दुपारी जायचे. आता पोत्यावर नाही, वर खिडकीशी बसून. चिऊच्या कोंबड्यांना दाणे टाकायचे, तिचं मोडलेलं कुंपण दुरुस्त करायचे. बायको येता-जाता बघायची.

मग एका दुपारी पिवळी टोपी आली. नव्या कुंपणापाशी थबकली. काकांनी बायकोला हातानेच खूण केली. तिने बोलायचं बटण दाखवलं आणि ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

"चिऊ," काका म्हणाले. त्यांनी खेळातली कुऱ्हाड उचलली आणि समोरच्या झाडावर घाव घातला. "मी उठून गेलो नव्हतो त्या दिवशी. तापलं होतं."

पलीकडून सावध आवाज आला. "काय तापलं होतं?"

"हे डबडं. माझं डोकं नव्हे. आतली पेस्ट वाळली होती, पंख्यात मैदा गेला होता. मी उघडलं, साफ केलं. तुझ्या आईने स्क्रू सांभाळले."

"तुम्ही? तुम्ही उघडलंत, बाबा?" चिऊ हसायला लागली. हसता हसता तिने नाक ओढलं, आणि ती हसतेय की रडतेय ते काकांना कळेना. ते झाडावर घाव घालत राहिले.

"पुढचं सांग," ते म्हणाले. "मला इथे कायमचं, इथपर्यंत ऐकलं होतं."

"नोकरीत कायमचं घेतलंय, बाबा. म्हणजे बेकरीत नाही यायची मी. परत आले तरी तुम्हाला भेटायला येईन, राहायला नाही."

काकांचे पाय सवयीने जमिनीवर घट्ट टेकले. झाड केव्हाच पडलं होतं, आणि तोडायला आसपास दुसरं नव्हतं. ते बसून राहिले.

"तू गेलीस त्या सकाळी पाव करपणार नव्हते, चिऊ. केव्हाच बाहेर काढले होते मी."

"माहीत होतं मला," ती हळूच म्हणाली. "बाहेर रस्त्यापर्यंत ताज्या पावाचा वास येत होता."

पंख्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग काकांनी विचारलं, "तू तिथे नक्की करतेस काय गं?"

हे त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. चिऊने सांगितलं. ती कृत्रिम पाय बनवते. आधी माणसाच्या उरलेल्या पायाचा साचा घ्यायचा, मग त्यावरून वाटीसारखा भाग घडवायचा. तो जराही टोचून चालत नाही, जराही सैल चालत नाही. परवाच एका नृत्यशिक्षिकेला पाय बसवला. ती आधी भिंतीला धरून उभी राहिली, मग भिंत सोडली. काकांनी विचारलं, साचा कशाचा? वाळायला किती वेळ लागतो? टोचतंय हे त्या बाईने सांगितलंच नाही तर तुला कळतं कसं? चिऊ सांगत गेली. सांगता सांगता तिची जेवणाची सुट्टी संपली.

बायको रिकामी बादली घेऊन आत आली, तर काका तिची वाटच बघत होते.

"अगं, ये, बैस इथे. तुला माहीत आहे का आपली चिऊ काय करते? पाय बनवते ती, पाय! आधी साचा घेतात..."

बायकोला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साच्याचं, वाटीचं, अगदी परवाच्या नृत्यशिक्षिकेचंही. तिने बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि समोर बसून, प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच कानावर पडतेय अशा चेहऱ्याने, ती सगळं ऐकत राहिली.