निघताना ‘कुठं’ म्हणू नये

आमच्या घरात निघणाऱ्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारायचं नाही, हे मला बाराखडीच्या आधी पाठ झालं. विचारायचंच असेल तर ‘लांब का जवळ?’ म्हणायचं, फार झालं तर ‘कुठवर?’. ‘कुठं’ म्हटलं की माणूस टोकला जातो, आणि टोकलेला माणूस काम न होताच घरी माघारी येतो. कुणी टोकलंच तर त्यावर इलाजही ठरलेला आहे. आत यायचं, चप्पल काढायची, पाटावर टेकायचं, गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्यायचं आणि जणू आत्ताच निघालो अशा थाटात पुन्हा निघायचं. या खात्याची मुख्य अधिकारी म्हणजे अव्वा, माझी आई. देवणीच्या आमच्या गल्लीत पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी तिची बोलणी खाल्लेली आहेत.

त्या जानेवारीत आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, काळजाच्या एका नळीत अडथळा निघाला. लातूरच्या एका दवाखान्यात हैदराबादचे डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस येतात, ते जाळी बसवणार होते. सकाळी दहाच्या आत पेशंट हजर पाहिजे आणि तोही उपाशी, पाण्याचा घोटसुद्धा नाही, असं बजावलेलं. दिवस चुकला तर पुढच्या आठवड्यावर, आणि तितके दिवस थांबणं बरं नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आप्पांना सांगितलं नव्हतं. बाजूला घेऊन बोलले म्हणजे काय, हे न कळायला आप्पा काही कुक्कुलं बाळ नव्हते, जन्मभर कापड विकलेला माणूस तो. मी नांदेडहून रजा टाकून आदल्या दिवशी आले. गाडी मीच चालवणार होते. अव्वाचे गुडघे कामातून गेलेले, आणि दवाखान्यात सोबत एकालाच राहू देणार होते, म्हणून ती घरी.

गाडी आप्पांची. जुनी, डिझेलची, पांढरी. आमच्या गावानं गाई-बैलांच्या एका जातीला नाव दिलं, त्यामुळं असेल, पण आप्पा गाडीही गोठ्यातल्यासारखीच सांभाळतात. थंडी पडली की रात्री बॉनेटवर वाकळ टाकायची. सकाळी बॉनेटवरून हात फिरवायचा. पूजा झाली की कपाळाला लावून बोटांवर उरलेली विभूती गाडीच्या काचेला. एवढे लाड करून ती एकाही थंडीत नीट चालू झालेली मला आठवत नाही.

त्या दिवशी तर अंग आखडलं होतं थंडीनं. तोंडातून वाफा निघत होत्या. मी वाकळ काढली, आप्पांना शेजारी बसवलं, चावी अर्धी फिरवली. डिझेलच्या जुन्या गाडीला आधी आतला हीटर तापू द्यावा लागतो. समोर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो, तो विझला की मग चावी पुढं फिरवायची. दिवा लागला. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. तेवढ्यात दूधवाला सायकल टेकवून काचेत वाकला आणि सकाळच्या पारी कुठं निघालाव, असं अगदी मायेनं विचारता झाला.

आप्पा शांतपणे दार उघडून उतरले आणि घरात गेले.

आत जाऊन बघते तर हे पाटावर, आणि अव्वा गूळ घेऊन उभी. मी म्हटलं, अगं उपाशी राहायचंय त्यांना, खाल्लं तर डॉक्टर हात लावायचे नाहीत. इथं घोडं पेंड खायला लागलं. न खाता निघावं तर टोक निघत नाही, खाऊन निघावं तर जाळी बसत नाही. अव्वानं डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला: बसायचं आप्पांनी, आणि गूळ-पाणी त्यांच्या रक्तानं घ्यायचं. त्यांचं रक्त म्हणजे मी. मी गूळ खाल्ला, तांब्याभर पाणी प्यायले, आप्पांनी माझ्याकडं बघून समाधानानं ओठ पुसले, आणि आम्ही पुन्हा निघालो.

दिवा लागला, विझला, मी चावी फिरवली. इंजिन दोनदा घुरघुरलं आणि खोकल्यासारखं करून थांबलं. तो आवाज ऐकून शेजारचे काका बाहेर आले. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बारा गावचं पाणी म्हणतात ना, ते त्यांनी खरोखर प्यालेलं आहे. भला माणूस, पण साऱ्या नोकरीत लाखभर लोकांना ज्यानं एकच प्रश्न विचारला, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? खिडकीशी आले, हात सवयीनं खांद्यावरच्या नसलेल्या बॅगेकडं गेला आणि ते म्हणाले, “बोला, कुठं?”

आप्पा उतरले. पाट, गूळ, तांब्या. माझं पोट आता डुचमळायला लागलं, आणि पुढं दोन तासांची वाट होती.

काकांना इतकी शरम वाटली की भरपाई म्हणून त्यांनी सगळी गल्ली गोळा केली. मग उंटावरच्या शहाण्यांना काय तोटा. एकीनं अंघोळीचं कढत पाणी आणून इंजिनाच्या बाजूनं ओतलं. त्यातलं निम्मं माझ्या पायावर आलं, तेवढाच मला ऊब लागल्याचा फायदा. काकांनी घमेल्यात निखारे आणून इंजिनाखाली सरकवले, कारण पूर्वी मालट्रकवाले असंच करायचे म्हणे. कुणी म्हणालं, बॅटरी झोपली आहे, तिला उठवू नका. कुणी म्हणालं, तिला उठवल्याशिवाय कसं व्हायचं. मी म्हटलं, आप्पा, दुसऱ्याची गाडी बघू. नको, त्यांना लोकांच्या गाडीचा वास सोसत नाही. बसनं जाऊ. नको, बस हादरवते. शेवटी मी अँब्युलन्सचं नाव काढलं. त्यावर ते म्हणाले, जित्या माणसानं त्यात कशाला बसायचं, गल्ली हात जोडून निरोप देईल. जाईन तर आपल्याच गाडीनं, न्हाई तर न्हाईच.

एवढ्यात आप्पांचा मोबाइल वाजला. बिलोलीची आत्या. तिला दवाखान्याचं माहीत होतं, काळजीनंच फोन केला बिचारीनं, पण मोबाइलवर माणूस पहिलं काय विचारतं? कुठं हायसा, म्हणून तिनं विचारलं, आणि फोन स्पीकरवर असल्यानं ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. मग वाद पेटला. फोनवरचं टोकणं धरायचं का नाही? काकांचं म्हणणं, टोकणारी बिलोलीत आहे, तिथून टोक इथवर पोचायची नाही. दूधवाला म्हणाला, आवाज पोचतो तर टोक का नाही पोचणार? मी म्हटलं, ती ‘कुठं हायसा’ म्हणाली, ‘कुठं निघालाव’ नाही. माझं कुणी ऐकलंच नाही. अव्वानं दारातूनच निकाल दिला की तोंड दिसत असेल तरच धरायचं. नेमका आत्यानं व्हिडिओ कॉल केला होता. आप्पा पुन्हा पाटावर, आणि मी मुकाट्यानं गूळ खाल्ला.

बाहेर आले तेव्हा ऊन गल्लीत शिरलं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथं लग्न नव्हतं. मी घमेलं बाजूला सारलं आणि सांगितलं, आता धक्का मारा. आमची गल्ली महादेवाच्या देवळाकडं जराशी उतरती आहे. आप्पांना ओट्यावर बसवलं, मी एकटी आत, गाडी दुसऱ्या गिअरला, क्लच दाबलेला. जरा वेग आला की क्लच सोडायचा, इंजिन पकडतं. गल्लीनं जोर लावला. गाडी हलली, पळायला लागली. आता क्लच सोडणार, म्हणून सहज आरशात बघितलं.

मागं दूधवाला होता, काका होते, आणि दोघांच्या मधोमध, धोतराचा सोगा खोचून, दोन्ही हात डिकीला लावून, आप्पा गाडी ढकलत होते.

मी ब्रेकवर उभी राहिले. तिघंही गाडीवर आदळले. मी खाली उतरून जे बोलले त्यातलं निम्मं लिहिता येणार नाही. काळजाची नळी बंद असलेला माणूस गाडी ढकलतो, आणि हे दोघं बाजूनं हैश्शा हैश्शा करतात? अकला गहाण टाकल्यात का? आप्पांना तर मी लहान पोरासारखं झापलं. मरायचंय का तुम्हाला, असंही म्हणून गेले. आप्पा धापा टाकत डिकीला टेकून उभे होते. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती, एवढ्या थंडीत.

ते हळूच म्हणाले, “मला भ्या वाटतंय गं माय. तिथं त्या टेबलावर एकट्यानं जायचं, त्यापेक्षा हितं, आपल्या गल्लीत, आपल्या गाडीपाशी झालं तर बरं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वास, हादरे, पाट आणि गूळ. टोकलं गेल्यावर दर वेळी किती हलक्या पावलांनी उतरत होते ते. मला राग यायला हवा होता, आला नाही. रडू आलं, तेही सगळ्यांसमोर. मी एवढंच म्हणाले, “मलाबी वाटतंय, आप्पा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच दार उघडून आत बसले आणि काचेतून दूधवाल्याला म्हणाले, ढकला आता. मी गल्लीला दम दिला की यापुढं ज्याच्या तोंडून ‘कुठं’ निघेल त्याला आठवडाभर मी गूळ चारीन. काकांनी खबरदारी म्हणून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि ते एकाच हातानं ढकलू लागले. गाडी उतारानं पळाली, मी क्लच सोडला, एक हिसका, दुसरा हिसका, मागं काळा धूर आणि धुरात हरवलेली गल्ली. इंजिन धडधडायला लागलं. देवळापाशी वळवून मी गाडी परत घरापुढं आणली, कारण रिपोर्टांची पिशवी घरीच होती आणि लातूरची वाटही तिकडूनच. इंजिन बंद करायची सोय नव्हती.

अव्वा पिशवी घेऊन दारात उभी होती. सकाळपासून तिनं गूळ दिला, निकाल दिले, दूधवाल्याला झाडलं, पण आप्पांशी अवाक्षर बोलली नव्हती. आता ती गुडघे धरत पायऱ्या उतरली, खिडकीशी आली, पिशवी आप्पांच्या मांडीवर ठेवली. आणि ज्या बाईनं लग्न झाल्यापासून एकदाही त्यांना ते विचारलं नव्हतं, ती सगळ्या गल्लीसमोर स्वच्छ आवाजात म्हणाली, “कुठं निघालाव?”

काकांचा हात तोंडावरच. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं, आता पुन्हा पाट. मी चिडून तिच्याकडं बघितलं आणि तिचे डोळे दिसले. टोकलेला माणूस माघारी येतो. घरी येतो. तिचाच नियम, आणि तो तिनं आयुष्यात पहिल्यांदा वापरायला काढला होता.

आप्पांना माझ्या आधी कळलं होतं. ते उतरले नाहीत. खिडकीतून त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, “लातूरला. येतो.”

दहाच्या आत पोचलो की नाही, ते विचारू नका. डॉक्टर थांबले, हे त्यांचे उपकार. जाळी बसली. सुट्टी मिळाली त्या सकाळी गाडीनं दवाखान्याच्या आवारात पुन्हा मान टाकली, तेव्हा आप्पा बिनतक्रार एसटीत बसले. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारल्यावर त्यांनी इतक्या मोठ्यानं ‘घरला’ म्हणून सांगितलं की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

तेव्हापासून अव्वाचं खातं उलटं चालतं. घरातून कुणीही निघालं, भाजीला का असेना, ती दारात येऊन ठणकावून ‘कुठं?’ विचारते, आणि गल्लीनं बापडीनं तेही मान्य केलं आहे. मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. परवा नांदेडला निघाले तेव्हा ती मागच्या अंगणात भाजीवालीशी भांडत होती. मी माझी नवी गाडी काढली आणि देवळापर्यंत गेले. मग रिव्हर्स टाकून सगळी गल्ली मागं आले, आणि ती बाहेर येईपर्यंत दारात हॉर्न वाजवत बसले.