बुधवारचा उपवास

योगेश आज रात्रपाळीला उपाशी गेला. काल दुपारपासून त्याच्या पोटात लिंबूपाण्याशिवाय काही नाही, आणि सातपूरच्या कारखान्यात तो पॉवर प्रेसवर उभा असतो. पत्रा ठेवायचा, हात मागे घ्यायचा, प्रेस खाली येते. पुन्हा पत्रा, पुन्हा हात मागे. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खालीच येत नाही, असं तो मला कितीदा तरी समजावून सांगतो. तरी डोळे मिटले की मला त्याचे हातच दिसतात. परवा सुटताना त्याला चक्कर आली आणि तो गाडीजवळ तसाच बसून राहिला, हे त्याने मला सांगितलं नाही. त्याच्या पप्पांना सांगितलं, आणि त्यांनी ते मला आज भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. आता ते घोरतायत आणि मी जागी आहे.

योगेश आमचा एकुलता एक, एकोणतीस वर्षांचा. लहानपणी तो चांगला गुटगुटीत होता आणि तेव्हा त्याचं सगळ्यांना कौतुक. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे, झेंडू आणि शेवंती. तोडणीला येणाऱ्या बायका त्याचा गाल ओढल्याशिवाय कामाला लागत नसत. तेच अंग पुढे तसंच राहिलं, फक्त कौतुक थांबलं. ते कधी थांबलं हे मला नेमकं सांगता येणार नाही. त्याला बहुतेक येईल.

आयटीआय करून तो कारखान्यात लागला. पाळ्या दर आठवड्याला बदलतात आणि त्याबरोबर जेवणही. कधी भल्या पहाटे चहा-खारी, कधी कॅन्टीनचा थंड भात, रात्रपाळीहून येताना गेटबाहेरचे गरम वडे. कामाला मात्र वाघ आहे. सुट्टीच्या दिवशी पप्पांबरोबर फुलांचे क्रेट गाडीत चढवतो, गल्लीतल्या कोणाचाही मिक्सर बिघडला की आमच्या ओट्यावर येऊन पडतो. बोलायला कमी, पण स्वतःच्या जाडीवर दुसऱ्याने बोलायच्या आत स्वतःच बोलतो. माझ्या भाच्याच्या मुलाच्या बारशाला प्लास्टिकची खुर्ची पुढे केली तर म्हणाला, हिच्या जिवाला धोका आहे, मी उभाच बरा. सगळे हसले. मीही हसले. माझा मुलगा किती मोकळ्या स्वभावाचा आहे, असं मला वाटलं.

गेल्या माघात मनमाडचं एक स्थळ आलं होतं. मुलीचे वडील रेल्वेत, मुलगी बँकेत, माणसं चांगली. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, ती माणसं मळाही बघून गेली. चार दिवसांनी मध्यस्थ दत्तूभाऊंचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते, म्हणून मी स्पीकरवर घेतला. दत्तूभाऊ म्हणाले, बाकी सगळं पसंत आहे हो, पण मुलीच्या मनात जरा सडपातळ मुलगा आहे. योगेश समोर जेवत होता. त्याने पुढची पोळी घेतली नाही. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाला आणि ताट उचलून मोरीत ठेवून आला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने चालायला सुरुवात केली. भात बंद, साखर बंद. दोन महिन्यांत पँटी सैल झाल्या आणि मला उगाच वाटलं की चला, मार्गी लागलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे बागलाणात आखाजीला लेकी माहेरी जातात, तशी मी दरवर्षी नामपूरला जाते. यंदा योगेश मला घेऊन गेला. माझ्या भावाची बायको, प्रतिभावहिनी, खापरावरचे मांडे करते. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत एवढा मोठा करते की तो कोपरापर्यंत येतो, आणि मग तो पालथ्या खापरावर पसरते. असा मांडा, आमरस आणि वर तूप. योगेशने पहिला संपवला आणि हात आवरता घेतला. तेवढ्यावर सोडतील तर ते माहेर कसलं.

"आखो एक ले ना रे भाऊ," वहिनी म्हणाली. "इतलंसं जेवस का कोणी?"

तिने वाढला, मग भावाने वाढला, मग मीही म्हटलं, वर्षातून एकदा तर येतोस, मामीचं मन मोडू नकोस. तो खात गेला. शेवटी शेवटी तर कोणी वाढायची वाट न बघता स्वतःच घेत होता. मामी खूश, मी खूश. परतीच्या वाटेवर तो सटाण्यापासून नाशिकपर्यंत एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, झोप येतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला तर म्हणाला, नको, आज गुरुवार धरलाय. मला इतकं बरं वाटलं. मुलगा आपणहून उपवास धरतोय, याहून आईला काय हवं असतं? मी भगर केली, दाण्याची आमटी केली. त्याने हात लावला नाही, फक्त पाणी प्यायला. मी शेजारी सांगितलं, कडक करतो हो.

पुढे उपवास वाढत गेले. गुरुवारला शनिवार जोडला, मग सोमवार. प्रत्येक वेळी मी साबुदाणा भिजवायचे आणि प्रत्येक वेळी तो म्हणायचा, फराळ नको, नुसतं पाणी. मी वहिनीला फोनवर सांगितलं. "तुमना पोऱ्या लई देवभोळा शे, ताई," ती म्हणाली. आणि तिनेच सुचवलं की एवढे सोमवार करतोच आहे तर सोळा पूर्ण करू दे, लग्नासाठी पुण्य गाठीला बांधलं जाईल, आणि श्रावणात उद्यापन करून टाका. मी लगेच हो म्हटलं. जोडपी किती सांगायची, गुरुजी कोण, सगळं आम्ही दोघींनी फोनवर ठरवलं. नामपूरहून मोठी गाडी करून सगळे येणार आणि मांडे आमच्या अंगणात करायचे म्हणून वहिनी खापरसुद्धा सोबत आणणार. योगेशला सांगितलं तेव्हा तो मोबाइलमध्ये बघत होता. म्हणाला, कशाला एवढं. मला तो विनय वाटला.

मला संशय यायला हवा होता तो रविवारचा. रविवारी तो मित्रांबरोबर गंगापूर रोडला मिसळ खायला जातो. तिथून आला की बाथरूममध्ये बराच वेळ लावतो, आणि मग दिवसभर कोणी काही बोललं की खेकसतो. सोमवारी उपाशी. मी म्हणायचे, उद्या सोमवार आहे म्हणून आज पोटभर खाऊन घेतो.

काल मंगळवारी मी फुलं बांधायला मळ्यात गेले होते. आषाढ सुरू आहे, आषाढ तळायचा म्हणून आदल्या दिवशी गुळाच्या कापण्या तळून स्टीलचा मोठा डबा भरून ठेवला होता. दुपारी परत आले तर योगेश ओट्याशी उभा, डबा हातात, आणि एकामागून एक कापणी तोंडात टाकत होता. चावत नव्हता म्हटलं तरी चालेल. मला पाहून तो दचकला, जसा काही डबा दुसऱ्याच्या घरचा आहे. डब्याच्या तळाशी नुसता चुरा राहिला होता. तरुण मुलगा आहे, भूक लागली, खाल्लं. परत तळू, एवढंच माझ्या मनात आलं. त्याने मात्र डबा घासून, पुसून, फडताळात जागच्या जागी ठेवला, आणि रात्री न जेवता कामावर गेला.

आज दुपारी तो झोपून उठला, मी ताट केलं, तर म्हणाला, आज उपवास.

"आज कोणाचा?" मी विचारलं. "बुधवार आपल्या घरात कोणाचाच नाही."

"असाच."

"असाच उपवास नसतो योगेश."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आई, मी कुठल्याच देवाचा करत नाहीये. काल डबाभर खाल्लं, म्हणून आज खायचं नाही. एवढंच आहे ते."

"आणि सोमवार?"

"रविवारी मिसळ असते. सोळा सोमवार तू आणि मामीने केले."

मी खुर्चीवर बसले. मला एकदम राग आला. एवढे दिवस मी त्याचा साबुदाणा भिजवत होते, लोकांना सांगत होते, आणि हा आतल्या आत भलतंच करत होता. मी म्हटलं, मग सरळ सांगायचं, डाएट करतोय. त्यावर तो हसला, आणि ते हसणं त्या खुर्चीच्या विनोदासारखं नव्हतं. त्याने सांगितलं की मागे डब्यात काकडी आणि मूग नेले होते, तर आख्ख्या कॅन्टीनने त्याला हिरो म्हणून हाक मारायला सुरुवात केली. कोणी तरी रोज झाकण उघडून बघायचं. उपवास आहे म्हटलं की एकही माणूस काही विचारत नाही. वयाने मोठी माणसं तर उलट त्याच्यासमोर वडा खायला लाजतात.

"उपवास म्हटलं की मला सगळे सोडतात," तो म्हणाला. "तूसुद्धा."

मग तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाला, खाताना काही कळत नाही, हात चालूच राहतो. खाऊन झालं की स्वतःची किळस येते, आपण माणूस नाही, पिंप आहोत असं वाटतं. मग दुसऱ्या दिवशी उपाशी राहिलं की जरा हलकं वाटतं, शिक्षा भोगून झाल्यासारखं. पण संध्याकाळपर्यंत पोटात आग पडते आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. वजनही आता कमी होत नाही. सैल झालेल्या पँटी पुन्हा घट्ट व्हायला लागल्यात.

मी काय करावं? मला शहाण्यासारखं काही सुचायला हवं होतं. मी बी. ए. झालेली बाई आहे, मानसशास्त्राचा एक पेपरही होता आम्हाला. मी काय केलं, तर वरणभाताचं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, माझी शपथ आहे, चार घास खा. त्याने ताटाकडे असं पाहिलं की जणू मी त्याला फटका मारायला हात उचललाय. मग उठला आणि खोलीत गेला. संध्याकाळी त्याच्या पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, दोन पोळ्या कमी खाऊ दे, एवढं काय डोक्यात घ्यायचं. या घरात मी एकटीच वेडी आहे का, असं मला वाटलं. चक्कर आल्याचं त्यांनी त्यानंतर सांगितलं.

निघताना योगेशने हेल्मेट घालता घालता एकच सांगितलं. "हे नामपूरला कळू देऊ नकोस."

आता माझी पंचाईत अशी झाली आहे. वहिनीला खरं सांगितलं तर दुपारपर्यंत सगळ्या भाऊबंदांत पसरेल, आणि पुढच्या आखाजीला त्याच्या ताटात मांडा वाढताना कोणी तरी म्हणेलच, हळू, उद्या उपाशी राहशील. नाही सांगितलं तर श्रावणात अंगणात मांडव पडेल, गुरुजी त्याला पाटावर बसवतील, जोडपी जेवतील, सगळे त्याच्या भक्तीचं कौतुक करतील, आणि तो तिथे बसून सगळ्यांच्या आग्रहाखातर मांडे खाईल. दुसऱ्या दिवशी काय करेल हे मला आता माहीत आहे. आणि एवढं कौतुक झाल्यावर सोमवार सोडायची सोयच राहणार नाही त्याला. तारीख पुढे ढकलली म्हणावं, तर वहिनी दर आठवड्याला विचारेल, कितवा झाला?

कोणी तरी हे मोडायला हवं. त्याने मोडलं तर त्याला बोलतील, म्हणून मी मोडते. त्याच्या अंगाला सोसत नव्हतं म्हणून मी त्याचे सोमवार सोडायला लावले, असं सांगायचं. यात खोटं फार नाही. वहिनी चिडेल. व्रत अर्धवट सोडायला लावणारी आई कुठे पाहिली नाही म्हणेल. उद्या लग्न लांबलं तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतील, आणि या बाबतीत नामपूरच्या लोकांची आठवण फार पक्की असते. दाखवू देत. त्याच्याकडे बोट दाखवण्यापेक्षा ते परवडलं.

त्यापुढचं मला काहीच ठरवता येत नाही. तो सकाळी येईल तेव्हा पुढ्यात काय ठेवायचं, काही ठेवायचं की नाही, डॉक्टरकडे चल म्हटलं तर येईल का, की तेही त्याला टोमण्यासारखं लागेल? किती वाढू, हे विचारायचीही आता भीती वाटते. स्वयंपाकघरात जाऊन परत येते आहे आणि चीड येते आहे, त्याची, माझी, त्या डब्याचीसुद्धा.

वहिनी पहाटे उठते, कांद्याची गाडी मार्केटला लावायची असते म्हणून. योगेश त्यानंतर सुटतो. तो घरी पोचायच्या आत हे उरकायचं. उजाडायला लागलं की नामपूरला फोन लावते आणि सांगते, वहिनी, कोणाला आवतण देऊ नका, योगेशचे उपवास मी बंद केलेत.