कुणीच पातं टाकेना

उत्तरेचं कोरडं वारं सुटलं की आमच्या कबाइग्वान गावात तंबाखूचं पान पापडासारखं तडकायला लागतं. त्या सोमवारी तसंच वारं होतं. कामावर बसायच्या आधी आम्ही चिरूट वळणारी माणसं जुड्यांवर पाणी शिंपडत, झटकत, ओल्या गोणपाटाखाली झाकत होतो. शेजारच्या फळीवरचा एउदाल्दो शिंपडता शिंपडता तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. आज काय बोलायचं, त्याची तयारी.

आमच्याकडे हात कामात असताना कानाला वाचन लागतं. ओस्लेदीसबाई माइकवर सकाळी पेपर वाचतात, दुपारी कादंबरी. सोमवारी मात्र पेपरच्या आधी माइक एउदाल्दोकडे. रविवारी पाहिलेल्या पिक्चरवर तो मत देणार. पटलं तर पान कापायचं पातं फळीवर ठोकायचं, नाही पटलं तर फरशीवर टाकायचं.

टाकणारी एकच होती, त्याची बायको ओनेलिया. ती मागच्या रांगेत वळायला बसायची. रविवारी दोघं एकाच कोचावर तळलेली केळी खात पिक्चर बघायची, आणि सोमवारी ऐकणाऱ्याला वाटावं, दोघांनी वेगवेगळे बघितले.

"बाईला रडायला येत न्हाई, कांदा चोळलाय डोळ्याला," एउदाल्दो म्हणायचा.

मागनं खण्ण.

"नवरा मेल्यावर पयल्याच दिशी कोण रडतं रं? ती भांडी घासत हुती तवा तिचे हात बघितलेस का? का केळीच खात हुतास?"

"तुला पिक्चर कळत न्हाई."

"बरं. मग तुला आज जेवान न्हाई."

सगळा हॉल हसायचा. खरं सांगायचं तर पिक्चरपेक्षा आम्हाला हेच हवं असायचं.

ऑक्टोबरात ओनेलिया तापानं गेली. आठवडाही आजारी नव्हती. एउदाल्दो बरेच सोमवार गप्प राहिला. मग ओस्लेदीसबाईंनीच एकदा माइक त्याच्यापुढे नेऊन ठेवला. तो बोलला, आणि आम्ही इतकं ठोकलं की फळ्या हलल्या. बिचाऱ्याला बरं वाटावं, दुसरं काय.

तिथंच आमचं चुकलं. पुढच्या सोमवारी त्यानं एका दरोड्याच्या पिक्चरची तारीफ केली. त्यात मोटार उडी मारून जहाजावर पडते, आणि दरोडेखोरांचा म्होरक्या चिरूट असा पेटवतो, जसा कुणी स्टो पेटवावा. हा पिक्चर एउदाल्दोला आवडणं शक्यच नव्हतं. तरी आम्ही ठोकलं. त्यानं हळूच मागं वळून पाहिलं आणि खाली बसला. दुपारी मला म्हणाला, "घरात बोलाय कुणी न्हाई. हितंबी भिंतीच झाल्यात."

त्या कोरड्या वाऱ्याच्या सोमवारी तो उभा राहिला, घसा खाकरला.

"काल एका म्हाताऱ्याचा पिक्चर बघितला. बायको मेलेली. वरीस झाल्यावर तो तिचे झगे, चपला, समदं शेजारणीला देऊन टाकतो, आन् खिडकी उघडून कॉफी पितो. मागं बाजा वाजतोय, म्हंजे आपल्याला वाटावं, लई चांगलं झालं." तो थांबला. "खोटं हाय. असा माणूस नसतो. पिक्चर करणाऱ्याला काय म्हाईतच न्हाई."

ठक ठक ठक ठक. सगळीकडून.

"थांबा," तो म्हणाला. "गेल्या बारीला मी मुद्दाम खोटं बोललो, तवाबी ठोकलंत. माझ्यावर दया करताय व्हय? आजबी तसंच असंल तर ह्यो माइक घ्या. पुन्हा मी तोंड उघडणार न्हाई."

आणि मग फरशीवर खण्ण आवाज झाला.

मागच्याच रांगेतून. आम्ही सगळे एकदम मागं वळलो. मिग्दालिया होती, ओनेलियाची शेजारीण, तोंडाची तिखट.

"मला न्हाई पटलं," ती म्हणाली. "त्यानं बरं केलं. कपाटातल्या कापडाला बुरशी लागती, दादा. ओनेलियाच्या निळ्या झग्यालाबी लागली आसंल. तुमी कपाट उघडलंय का, त्ये सांगा आदी."

एउदाल्दो गर्रकन वळला. चेहरा लाल, आणि कित्येक दिवसांनी जिवंत.

"तुला पिक्चर कळत न्ह—"

एवढंच. त्याचे डोळे सवयीनं मिग्दालियाच्या शेजारच्या फळीवर गेले होते. ओनेलियाच्या त्या जागेवर आता एक नवा माणूस बसायचा, कानावर पेन्सिल खोचून. तो घाबरून इकडंतिकडं पाहू लागला.

एउदाल्दो परत माइककडे वळला. नंतर अगदी बारीक आवाजात म्हणाला, "न्हाई उघडलं." माइकमधून ते सगळ्या हॉलभर ऐकू गेलं.

मिग्दालिया रडायला लागली. "मी उगाच बोलले, दादा."

"उगाच न्हाई. बोललीस त्ये बरं झालं," तो म्हणाला. "पर तुझं मत चूक हाय."

"आसंल."

"आसंल नगं म्हनू. भांड की."

पण तिला भांडता येईना. ती एप्रनचं टोक तोंडावर धरून बसली. मग त्यानं माइक ओस्लेदीसबाईंच्या हातात दिला. त्यांनी पेपर उघडला, ऊसतोडीची बातमी वाचायला घेतली. एउदाल्दो स्टुलावर बसला, एक पान मांडीवर पसरलं आणि त्याची मधली शीर ओढून काढायला लागला.