भैयाजींचे निधन, चौदा पॉइंटात

छपाईचा नवा टाइप कुणी दाखवायला आणला की फोरमनकाका त्यात आधी मालकांच्या निधनाची बातमी लावून पाहत. यात आकस नव्हता. मालकांचे नाव ब्रजेंद्रस्वरूप. इतकी जोडाक्षरे झाशीत दुसऱ्या कुणाच्या नावात नव्हती. ‘‘लग्नपत्रिकेत कुठलंही अक्षर खुलतं,’’ काका म्हणत. ‘‘निधनात बघावं. तिथे माणूस चष्मा शोधत बसत नाही.’’

आमचे दैनिक हिंदी. काका घरी मराठी बोलत, छापखान्यात हिंदी आणि टाइप विकणाऱ्यांशी बहुधा काहीच नाही. नमुन्यांची गुळगुळीत पुस्तिका ते उघडत नसत. आमच्या पिवळट कागदावर छाप मागत. ‘‘हा कागद शाई पितो. अक्षर सुजतं. सुजल्यावरही ओळखू आलं तर घ्यायचं.’’ मग तो नमुना उद्याच्या पानावर, खऱ्या बातम्यांशेजारी चिकटवत, हात लांब करून पाहत आणि सोलून काढत.

संगणक आले तेव्हा काकांच्या निवृत्तीला महिना उरला होता. सगळ्या पेपरचा टाइप एकदाच ठरणार होता. तो लोकांना वाचता येईल असा ठरवूनच जायचे, हा त्यांचा हट्ट. त्यांनी साधा, अक्षरांची पोटे मोकळी असलेला टाइप निवडला. मालकांना, म्हणजे भैयाजींना, दुसरा हवा होता. त्यात प्रत्येक अक्षराला मिशा होत्या. ‘‘फोरमन साहब, अखबार में रौब दिखना चाहिए.’’

त्या संध्याकाळी काकांनी आपल्या टाइपातले निधन शेवटच्या पानावर चिकटवले. तेवढ्यात केबिनमधून बोलावणे आले: मिशांचा टाइप नक्की झाला. काका बाहेर आले ते सायकल काढून थेट घरी गेले. नमुना पानावरच राहिला.

सकाळी प्रेमनगरात भैयाजींच्या दारी लोक हार घेऊन उभे होते. दार भैयाजींनीच उघडले.

‘‘हम मर गए और हमीं को खबर नहीं?’’ त्यांनी दुपारी काकांना विचारले.

‘‘गलती मेरी है, भैयाजी.’’ काकांनी तो अंक हात लांब करून पाहिला. ‘‘पढ़ने में तो आ गया न?’’

खुलासा भैयाजींनी स्वतः लिहिला आणि मिशांच्या टाइपात, पहिल्या पानावर, चौकटीत छापून घेतला. तो अंक निघाला त्या दिवशी टहरौली गावाहून जीपभर माणसे पांढऱ्या कपड्यांत आली. हातात आमचा ताजा अंक होता. एकाने चौकटीवर बोट ठेवून फाटकावरच्या चौकीदाराला विचारले, ‘‘काए भैया, तेरहवीं की तारीख जेई में लिखी है का?’’

दुसऱ्या दिवशी काकांचा टाइप मंजूर झाला. महिनाअखेरीस काका निघाले. ‘‘मालकांनी मरून पाहिलं,’’ ते मला म्हणाले, ‘‘तेव्हा कुठे पटलं.’’

काही वर्षांनी त्याच टाइपात, चौदा पॉइंटात, मी काकांचे निधन लावले. नावात एकही जोडाक्षर नव्हते. सकाळी त्यांच्या दारात माणसे मावेनात. भैयाजीही आले, चष्मा घरी विसरून. खुलासा छापावा लागला नाही.